बालमजुरी थांबवायची तर आधी कायदा की आधी शाळा?

विकसनशील देशांतील बालमजुरी संपवण्यासाठी सरकारने कायदे कडक करावेत की शाळांवरचा खर्च वाढवावा, आणि पालकांची मानसिकता कशी बदलावी, असे आपण विचारले आहे. प्रश्नाच्या शेवटच्या भागामुळे मी हे लिहायला बसले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या गावांत, जिल्हा परिषदेच्या शाळांवर माझी बरीच नोकरी झाली, आणि पालकांच्या मानसिकतेचे हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते सहन होत नाही.

कायद्यांची उणीव नाही. बालकामगार कायदा १९८६ चा आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवणे गुन्हा ठरवले आणि मालकाला सहा महिने ते दोन वर्षे कैदेची तरतूद केली. पण त्याच दुरुस्तीने शाळा सुटल्यावर व सुटीत कुटुंबाच्या व्यवसायाला हातभार लावण्याची मोकळीक दिली, आणि ती देऊ नये होती असे माझे स्पष्ट मत आहे. उसाच्या फडात मालक शोधायला गेलात तर कारखाना मुकादमाकडे, म्हणजे मजुरांची टोळी आणणाऱ्या कंत्राटदाराकडे, बोट दाखवतो, मुकादम आईबापांकडे, आणि आईबाप सांगतात की पोरगी कामाला नाही, आमच्यासोबत आली आहे. हिशेब कोयत्याचा, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीचा होतो, मुलीचे नाव कोणत्याच वहीत नसते. गुन्हा नोंदवायचा कोणावर?

आमच्या शाळेत सहावीला एक मुलगी होती, गणितात वर्गात सर्वांच्या पुढे. दिवाळी झाली, ऊसतोडीला टोळी निघायची वेळ आली, म्हणून आदल्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. दारात ट्रॅक्टर उभा होता. ज्वारीची पोती, ताडपत्री, कोपीचे, म्हणजे फडावरच्या झोपडीचे, बांबू, पाण्याचे ड्रम असे सगळे भरणे चालले होते आणि ती तान्ह्या भावाला कडेवर घेऊन भांडी मोजून देत होती. मुलीला आजीजवळ ठेवा, गावात हंगामी वसतिगृह सुरू होणार आहे, दोन वेळचे जेवण मिळेल, असे मी सांगितले. वडिलांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बाई, पोरगी हुशार हाये, हे आमाला बी कळतंय. पण ती न्हाई आली तर बारक्याला कोन घेनार? तिची माय बारक्यापाशी बसली की कोयता अर्धा. अर्ध्या कोयत्यावर उचल फिटंल का, तुमीच सांगा." उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. या हिशेबाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि वसतिगृहाच्या मंजुरीचे पत्रही तोवर आलेले नव्हते, आमच्याकडे ते बहुधा टोळ्या निघून गेल्यावरच येत असे. स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून असलेले शिक्षण हमी कार्ड मी भरून त्यांच्या हातात दिले. ते त्यांनी रेशनकार्डासोबत प्लास्टिकच्या पिशवीत घालून, गाठ मारून ठेवले.

आमचे एक वरिष्ठ सहकारी यावरून माझ्याशी वर्षानुवर्षे वाद घालत. या लोकांना शिक्षणाची गोडीच नाही, दोन-चार आईबापांवर गुन्हे दाखल झाले की पोरे आपोआप शाळेत येतील, असे त्यांचे म्हणणे होते. पाडव्याच्या सुमारास ते कुटुंब परत आले तेव्हा कार्डावरची दुसऱ्या शाळेच्या नोंदीची जागा कोरीच होती, कारण फड दर काही दिवसांनी बदलत होता आणि शाळा कोपीपासून लांब होती. मात्र मुलीने एक वही आणली होती. रोज किती खेपा भरल्या, कोणत्या खेपेला किती टन भरले आणि वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या चाऱ्याच्या, किती पेंढ्या विकल्या, हे तिने तारखेनिशी लिहिले होते, आणि ते लिहायला तिला वडिलांनीच सांगितले होते. मुकादमाच्या हिशेबाशी ताळा करायला घरात लिहिता येणारे माणूस हवे, हे ज्या बापाला कळते त्याला शिक्षणाची गोडी नाही, असे मी कसे मान्य करावे? ती वही मी त्या सहकाऱ्यांच्या टेबलावर ठेवली होती. त्यांनी ती चाळली आणि विषय बदलला.

म्हणून माझे उत्तर आपल्या दोन्ही पर्यायांच्या बाहेरचे आहे. मुलगी शाळेत राहावी असे वाटत असेल तर फडावर तिच्या भावाला सांभाळण्याची सोय करा. ही कल्पना नवी नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले आली की त्यांना सांभाळायला एक स्त्री नेमण्याची आणि तिला मजुरी देण्याची तरतूद होती. जे खडी फोडण्याच्या कामावर मान्य झाले ते उसाच्या फडावर का नको? कारखान्यांजवळ ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळा होत्या, त्याही शिक्षण हक्क कायद्यानंतर बहुतेक ठिकाणी बंद झाल्या, आणि जवळच्या नियमित शाळेत प्रवेश घ्या, एवढेच मुलांना सांगण्यात आले.

इतर देशांविषयी थोडक्यात सांगते. मेक्सिकोने १९९७ पासून मुलाच्या शाळेतील हजेरीवर आईच्या हाती रोख रक्कम दिली. वरच्या इयत्तांना जास्त, आणि माध्यमिक शाळेतील मुलींना मुलांपेक्षा जास्त. मुलीच्या श्रमाला घरात किंमत असते हे मान्य करून आखलेली ती योजना होती, म्हणून मला ती पटते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये जगात सुमारे १३.८ कोटी मुले बालमजुरीत होती आणि त्यांपैकी सुमारे ६१ टक्के शेतीत. कारखान्यांवरच्या धाडी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत.

हे सर्व मी उसाच्या पट्ट्यातून पाहिलेले आहे. शहरातील हॉटेले, वीटभट्ट्या किंवा घरकामातल्या मुली यांना ते जसेच्या तसे लागू होणार नाही, आणि तिथे मालक समोर असल्याने कडक शिक्षेचा उपयोग होतो हेही मान्य करते. हंगामी वसतिगृहे वेळेवर सुरू झाली त्या वर्षी आमच्या वर्गात मुले टिकली, हेही खरे. ती मुलगी पुढच्या हंगामात आत्या गावी राहिल्यामुळे सातवी पूर्ण करू शकली. आठवीसाठी शेजारच्या गावी जावे लागत होते, तिथे वसतिगृह नव्हते, आणि अठरा पूर्ण होण्याआधीच तिचे लग्न झाले.

आपण कारखान्यांच्या भागात राहत असाल तर डिसेंबरात जवळच्या शाळेत जाऊन विचारा की फडावरची किती मुले पटावर घेतली आणि त्यांना आणायला वाहन आहे का. आधीच्या शाळेचा दाखला नाही असे उत्तर मिळाले तर शिक्षण हक्क कायद्याचे कलम ५ दाखवा. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. आणि फडावरची लहान मुले सांभाळायला कोणाला नेमले आहे, हे कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यांना लेखी विचारा आणि अर्जाची पोच घ्या.