धुळ्याला बीएस्सी अ‍ॅग्रीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुण्याला जाऊन एमपीएससी करू, की खान्देशात राहून शेती-पर्यावरणात काही करिअर होतं? खासगीत तर औषधंच विकावी लागतात ना?

प्रश्नातलं शेवटचं वाक्य नसतं तर मी उत्तर लिहायच्या भानगडीत पडलो नसतो. माझे साडूभाऊ हेच वाक्य सासरच्या प्रत्येक लग्नात, पंगत बसली की, कुणा ना कुणाला ऐकवतात. ते सरकारी खात्यात आहेत. मी तुमच्याच धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात शिकलो, पुढे टिश्यू कल्चरची रोपं करणाऱ्या एका कंपनीत फील्डवर होतो, आता चोपडा तालुक्यात स्वतःची हार्डनिंग नर्सरी (प्रयोगशाळेतली नाजूक रोपं शेतात टिकतील अशी कणखर करायची रोपवाटिका) आहे आणि शेतकऱ्यांचे केळीचे प्लॉट बघतो. साडूभाऊ माझी ओळख करून देताना आजही म्हणतात, "हे आमचे साडू. औषधवाले."

तर आधी तेवढं मिटवू. हो, विकावी लागतात. बीएस्सी झाल्या झाल्या बहुतेकांना मिळते ती फील्ड ऑफिसरची नोकरी. दोन तालुके, स्वतःची मोटरसायकल, पेट्रोलचा भत्ता. खरिपाआधी दुकानांत माल भरायचा, मग तो दुकानातून उठावा म्हणून गावोगाव बैठका घ्यायच्या, आणि मार्च आला की वसुलीला फिरायचं. ज्या कंपनीत एवढंच काम आहे तिथं दोन हंगामांपेक्षा जास्त थांबू नये, हे माझं स्पष्ट मत. पण त्या दोन हंगामांत जेवढे प्लॉट नजरेखालून जातात तेवढे कॉलेजच्या चार वर्षांत जात नाहीत. आणि ज्यानं प्लॉट बघितले नाहीत त्याला शेतकरी बांधावर उभं करत नाही, मग तो सरकारी असो की खासगी.

२०२० च्या पावसाळ्याचं सांगतो. त्या वर्षी रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात मृगबागेवर, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी लावलेल्या केळीवर, सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) हा विषाणूरोग आला होता, आपल्याकडे ज्याला हरण्या म्हणतात तो. सासऱ्यांची चार एकर बाग, जूनअखेर लावलेली, सहा बाय पाचवर, म्हणजे एकरी साडेचौदाशे खोडं. ऑगस्टात झड लागली, कितीतरी दिवस सूर्य दिसला नाही, आणि पानं पिवळी पडायला लागली. दुकानदारानं आधी बुरशीनाशक दिलं, मग कीटकनाशक, मग टॉनिक. एवढं झाल्यावर सासऱ्यांनी दोन्ही जावयांना फोन केला.

मी पोचलो तेव्हा साडूभाऊ आधीच बांधावर उभे. त्यांनी ओळखीच्या कुण्या साहेबांना मोबाइलवर फोटो पाठवले होते आणि उत्तरही आलं होतं: लोहाची कमतरता आहे, चिलेटेड मायक्रोन्यूट्रिएंट, म्हणजे सूक्ष्म अन्नद्रव्यं, मारा.

मी पोंग्याजवळचं (पोंगा म्हणजे शेंड्यातलं न उलगडलेलं पान) पान आभाळाकडे धरून बघितलं. मधल्या शिरेपासून कडेपर्यंत फिक्या पिवळ्या रेषा, पण सलग नाहीत. मध्येच हिरवं, मध्येच पिवळं, तुटक. पानाची कड वेडीवाकडी, पान आखूड. दोन-चार झाडांचा पोंगाच सडलेला. आणि मुख्य म्हणजे त्याला लागून असलेलं झाड हिरवंगार, पुढची चार झाडं चांगली, मग पुन्हा एक तसंच. लोहाची कमतरता अशी झाडं निवडून येत नाही. चुनखडीच्या जमिनीत येते, पट्टाच्या पट्टा पिवळा पडतो आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे फोटोत दिसत नाही, कारण फोटो एका झाडाचा असतो आणि निदान चार एकरांचं करायचं असतं.

मग विहिरीकडे गेलो. सासूबाईंनी कुंपणावर गिलक्याचा, म्हणजे घोसाळ्याचा, वेल चढवला होता आणि केळीच्या ओळींमध्ये घरापुरती काकडी टाकली होती. गिलक्याचं पान उलटं केलं तर खाली मावा गच्च. बांधापलीकडे शेजाऱ्याची कपाशी, तिच्यावरही तोच मावा. हा विषाणू काकडीवर्गाच्या पिकांत मुरलेला असतो, मावा त्याला केळीवर आणतो. मावा सोंड टोचून काही सेकंदांत विषाणू उचलतो आणि तितक्याच झटपट पुढच्या झाडात सोडतो. औषधानं तो मरेपर्यंत त्याचं काम होऊन गेलेलं असतं. म्हणून नुसत्या फवारणीवर हा रोग आटोक्यात येत नाही, आणि लागण झालेलं झाड कुठल्याच औषधानं बरं होत नाही. ते मुळासकट उपटून शेताबाहेर गाडायचं, तण काढायचं, काकडी-गिलकी काढायची, माव्यासाठी फवारायचं आणि दर चार-पाच दिवसांनी पुन्हा ओळ न ओळ फिरून बघायचं. बस.

सासरे म्हणाले, "झाडे उपटाले सांगस, मंग नुसकान कोन भरी?" त्यांचा प्रश्न रास्त होता. साडूभाऊ मात्र तिथं, मजुरांसमोर, म्हणाले, "यांना नांगे भरायला रोपं विकायची आहेत, म्हणून उपटा म्हणताहेत."

मला काय वाटलं ते लिहीत नाही. झाडं उपटली. नांग्यांना, म्हणजे उपटलेल्या झाडांच्या रिकाम्या जागी, लागलेल्या रोपांचं बिल मी केलं नाही, केवळ त्या वाक्यापायी. गिलक्याचा वेल माझ्या हातानं कापला म्हणून सासूबाई नवरात्र येईपर्यंत माझ्याशी धड बोलल्या नाहीत. बाग फार भारी निघाली असं नाही, पण कापणीपर्यंत उभी राहिली. त्याच शिवारात ज्यांनी फवारण्यांवर भर दिला त्यातल्या काहींनी शेवटी बागेवर रोटाव्हेटर फिरवला. सासरे तेव्हापासून गावात सांगतात, "मना जवाई केळीना डॉक्टर शे." साडूभाऊंचं म्हणणं असं की त्या वर्षी पाऊस वेळेवर उघडला म्हणून बाग वाचली.

तुम्ही म्हणाल याचा माझ्या करिअरशी काय संबंध. संबंध हा, की मी बांधावर जे केलं ते सगळं पॅथॉलॉजीच्या, म्हणजे पिकांच्या रोगांच्या, पुस्तकात अर्ध्या पानावर आहे आणि तुम्ही ते पाठही केलं असेल. ते झाडावर ओळखणारा माणूस खान्देशात आजही मोजकाच सापडतो आणि त्याला लोक पैसे देतात. नर्सरीवाले देतात, निर्यातीचं पॅकहाउस चालवणारे देतात, मोठे बागायतदार देतात. जळगावची केळी इराण, दुबई, ओमानला जाते, तिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. त्या मालासाठी घडाच्या फण्या मोजून ठेवणं, बड इंजेक्शन (केळफुलात औषध टोचणं), स्कर्टिंग बॅग (घडाला घालायची पिशवी), धुणं, बॉक्स भरणं, तेरा-चौदा अंशांवर कोल्ड स्टोरेज, ग्लोबलगॅप या निर्यातीच्या प्रमाणपत्राच्या नोंदी, या प्रत्येक टप्प्यावर शिकलेला माणूस लागतो. यात औषध विकणं कुठं आलं?

पुढच्या वर्षी सातव्या सेमिस्टरला तुमचं रावे येईल, म्हणजे गावात राहून शेतीकामाचा अनुभव घ्यायचं सत्र. आमच्याकडे त्यासाठीचे विद्यार्थी, म्हणजे कृषिदूत, दरवर्षी येतात, म्हणून बोलतोय. गावात आले, बोर्डो मिश्रणाचं (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) प्रात्यक्षिक केलं, बॅनर धरून सरपंचांबरोबर फोटो काढला, पेपरला बातमी दिली, संपलं. बोर्डो मिश्रण ज्याला करायचंय तो शेतकरी मुलांच्या जन्माआधीपासून करतोय. तुम्ही तसं करू नका. केळीचं गाव मागून घ्या, एक पीक धरा आणि रोज तेच चार प्लॉट बघा. पान, मूळ, पाणी, खत, सगळं वहीत उतरवा. जळगावला राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं केळी संशोधन केंद्र आहे, रावेर तालुक्यात पालला कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांना नुसतं 'मार्गदर्शन करा' म्हणू नका. प्लॉटमधलं पान आणि मातीचा नमुना घेऊन जा. मग ते बोलतात, तासभर बोलतात.

एमएस्सी करायचीच असेल तर पॅथॉलॉजी, कीटकशास्त्र किंवा मृदाशास्त्र घ्या आणि त्यासाठी आयसीएआरची (भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची) पीजी परीक्षा द्या. राज्याच्या सीईटीवर राज्यातली चार कृषी विद्यापीठं मिळतात, आयसीएआरवर देश मिळतो, आणि गुणवत्ता यादीत वर आलात तर दरमहा शिष्यवृत्ती. केळीचं राष्ट्रीय संशोधन केंद्र तिरुचिरापल्लीला आहे. आपल्या मुलांनी तिकडे जायला हवं, पण आपली मुलं सदाशिव पेठेत जातात. एक फायदा सांगून ठेवतो. कृषी विज्ञान केंद्रात विषय विशेषज्ञ व्हायला पदव्युत्तर पदवी लागते, बीएस्सीवर ते दार उघडत नाही.

आता पुणे. माझं मत कडवट आहे, माहीत आहे. २०२४ च्या ऑगस्टात कृषी सेवेच्या २५८ जागा एमपीएससीच्या पूर्वपरीक्षेत धरा म्हणून मुलं पुण्यात रस्त्यावर बसली होती. परीक्षा पुढे गेली, जागा धरल्या गेल्या. मुलांची मागणी योग्यच होती. पण चार विद्यापीठांतून आणि त्यांच्याशी संलग्न एवढ्या खासगी कॉलेजांतून दरवर्षी किती पोरं बाहेर पडतात ते बघा आणि २५८ हा आकडा त्याच्या शेजारी ठेवा. तोही काही दरवर्षीचा नव्हे. माझ्या बॅचची हुशार पोरं अभ्यासिकेच्या खुर्चीवर, मेसच्या डब्यावर तिशीला आली. बापानं केळी विकून पैसे पाठवले आणि पोराला केळीवरचा करपा ओळखता येईना. द्यायची तर द्या परीक्षा, पण घरून द्या, काम करता करता द्या, आणि किती वर्षं द्यायची ते आजच आईवडिलांसमोर बोलून टाका. त्याच अभ्यासावर सरकारी बँकांसाठीची आयबीपीएसची कृषी अधिकारी परीक्षा देता येते, नाबार्डची देता येते. साडूभाऊंना बँक म्हणजे नोकरी वाटत नाही, त्यांचं सोडा. केळीसाठी पीककर्ज मंजूर करणारा अधिकारी शेतीतला असला की गावाचं किती काम सोपं होतं ते मी बघितलंय.

पर्यावरणाचं थोडक्यात. वनसेवेच्या परीक्षेला कृषी पदवी चालते, यूपीएससीच्याही आणि राज्याच्याही, हे बऱ्याच मुलांच्या ध्यानातच नसतं. जळगावच्या विद्यापीठात पर्यावरणशास्त्रात एमएस्सी आहे. त्यावर प्रदूषण नियंत्रण मंडळ, कारखान्यांचे पर्यावरण विभाग, प्रकल्पांचे पर्यावरणीय आघात मूल्यमापन करणाऱ्या संस्था, अशी कामं मिळतात. पण मला विचाराल तर खान्देशात पर्यावरण म्हणजे आधी पाणी. सातपुड्याच्या पायथ्याचा बझाडा पट्टा, ज्यात पाणी मुरतं, त्याच्यावरच रावेर-यावलची केळी उभी आहे आणि बोअर दरवर्षी खाली चाललेत. भूजल, पुनर्भरण, ठिबकचं नियोजन यात शेती समजणारा माणूस फार थोडा. साक्री तालुक्यातलं बारीपाडा एकदा बघून या. चैत्राम पवारांनी गावाला बरोबर घेऊन जंगल राखलं, त्यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. वनभाज्यांची स्पर्धा असते तेव्हा जा, एका दिवसात वनस्पतिशास्त्राची उजळणी होते.

स्वतःचं काही करायचं झालं तर २००२ पासून केंद्राची अ‍ॅग्री क्लिनिकची योजना आहे. ४५ दिवसांचं निवासी प्रशिक्षण, त्यानंतर बँकेचं कर्ज आणि प्रकल्पखर्चावर ३६ टक्के अनुदान, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ४४ टक्के. नर्सरी, माती तपासणी, अवजार बँक, काहीही काढा. कृषी सेवा केंद्र काढलंत तरी वाईट नाही. बहुतेकांना परवान्यासाठी वेगळा अभ्यासक्रम करावा लागतो, तुमची पदवीच पुरते. दुकानात बसून 'हे औषध तुम्हाला लागत नाही, घरी जा' म्हणणारा दुकानदार खान्देशाला हवाच आहे.

आता माझ्या म्हणण्याला चार अडचणी आहेत, त्याही सांगतो. माझी घरची शेती होती, वडिलांवर कर्ज नव्हतं, म्हणून मला फील्डवरचा कमी पगार परवडला. तुमच्या घरी पहिल्या महिन्यापासून पैसे लागत असतील तर आधी बँक बघा, माझं ऐकू नका. मुलगी असाल तर फील्डच्या नोकऱ्यांत कंपन्या अजूनही टाळाटाळ करतात. प्रयोगशाळा, टिश्यू कल्चर, पॅकहाउसचं गुणवत्ता नियंत्रण इथं मात्र मुली भरपूर आहेत आणि टिकून आहेत. नर्सरीत तोटाही येतो. रोपं तयार आणि पाऊस लांबला की ती पिशवीत वाढत राहतात आणि उचलायला कुणी येत नाही. शिवाय धुळे-नंदुरबारच्या कोरडवाहू भागातले असाल तर केळीऐवजी कापूस, मका, मिरची असं वाचा. बाकी सगळं तेच.

रावेसाठी केळीचं गाव मिळत नसेल तर चोपड्याकडे या. राहायची सोय मंदिराच्या सभागृहात होते, जेवणाचं मी बघतो. फक्त बॅनर आणू नका.