शिक्षकांचं 'क्वाएट क्विटिंग' मोजता येतं का, आणि एकच प्रश्नावली सगळ्या देशांत चालेल का?

क्वाएट क्विटिंग म्हणजे नोकरी न सोडता फक्त नेमून दिलेलं, लागेल तेवढंच काम करणं. ते मोजता येतं, पण आकडे आले की लगेच 'अमुक देशातले शिक्षक जास्त पाट्या टाकतात' असं म्हणायची घाई करू नका. मी ठाण्यात एका अनुदानित शाळेत शिकवते आणि एमएड करताना अशीच एक प्रश्नावली मराठीत करून बघितली होती, म्हणून सांगतेय.

2023 मध्ये ग्रीसच्या संशोधकांनी 9 प्रश्नांची क्वाएट क्विटिंग स्केल, म्हणजे ते मोजायची प्रश्नावली काढली. त्यात तीन गोष्टी बघतात, कामापासून अलिप्त होणं, पुढाकार न घेणं आणि कामाची ओढच नसणं. त्यातला एक प्रश्न साधारण असा आहे की सहकारी माझं काम करू शकत असेल तर मी ते त्याला करू देते का. आमच्या स्टाफरूममधल्या एका बाईंनी यावर 'नेहमी' वर टिक केली, आणि या बाई म्हणजे मधल्या सुट्टीतसुद्धा पोरांच्या वह्या तपासत बसणाऱ्या! विचारलं तर म्हणाल्या, अगं मी बीएलओच्या (मतदार याद्यांच्या) कामाला गेले की माझा वर्ग तूच सांभाळतेस ना, मग खोटं कसं लिहू? म्हणजे जो प्रश्न अंग काढून घेणं मोजायला ठेवलाय तो आमच्याकडे एकमेकींना सांभाळून घेणं मोजत होता. भाषांतर अगदी बरोबर होतं, उलट भाषांतर, म्हणजे मराठीवरून परत मूळ भाषेत, करून पण तपासलं होतं, तरी हे झालं.

दुसरा घोळ 'नेमून दिलेल्या कामाचा'. इंग्लंडमध्ये सरकारी शाळेतल्या शिक्षकाच्या सेवाशर्तीत 195 दिवस आणि 1265 तास असा आकडाच आहे, त्याच्या वरचं काम कोणतं ते निदान कागदावर दाखवता येतं. जपानमध्ये 1971 च्या कायद्याने ओव्हरटाइमऐवजी पगाराच्या 4 टक्के भत्ता धरला, आणि 2018 च्या टालिस या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय सर्वेक्षणात तिथले माध्यमिक शिक्षक आठवड्याला 56 तास काम करताना दिसले, बाकी देशांची सरासरी 38 च्या आसपास होती. आपल्याकडे आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, तयारी धरून आठवड्याला 45 तास लिहिलेत, कलम 27 म्हणतं जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक कामं देऊ नका, पण पोर्टलवर माहिती भरणं, आधार जुळवणं, रात्री साडेनऊला ग्रुपवर 'तात्काळ' म्हणून येणारा तक्ता, हे नेमून दिलेलं की जादाचं ते कोणीच सांगत नाही. मग 'मी फक्त नेमून दिलेलं काम करते' याला लंडन, ओसाका आणि कळव्यातल्या तीन शिक्षकांनी 'हो' म्हटलं तर ते तीन वेगळे 'हो' आहेत, आणि मला यातला तिसरा फार लागतो कारण आमच्याकडे जो तक्ता भरायचं सोडतो तो बऱ्याचदा शिकवायला वेळ मिळावा म्हणून सोडतो. त्याला पाट्या टाकणारा म्हणणं हा सरळ अन्याय आहे.

संख्याशास्त्रात यासाठी मेजरमेंट इन्व्हेरियन्सची चाचणी असते, म्हणजे प्रश्नावली दोन गटांत एकच गोष्ट एकाच मापाने मोजते का ते बघायचं. बोर्डाचे पेपर तपासताना मॉडरेटर का लागतो, तर एक परीक्षक हात आखडून मार्क देतो आणि दुसरा सढळ हाताने, तसंच इथे. आधी बघायचं की प्रश्नांचे गट दोन्हीकडे सारखेच पडतात का, मग प्रत्येक प्रश्नाचं वजन सारखं आहे का, आणि शेवटी सुरुवातीची पातळी सारखी आहे का, म्हणजे कामाची ओढ सारखीच असलेले दोन देशांतले दोघं त्या प्रश्नाला साधारण सारखंच उत्तर देतात का. ही तिसरी पायरी पार झाल्याशिवाय देशांच्या सरासऱ्या लावून तुलना करता येत नाही, आणि बऱ्याचदा नेमकं तिथेच अडतं.

तुम्ही करणार असाल तर एक उपाय, 2012 च्या पिसामध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, वापरला होता. सगळ्यांना आधी दोन-तीन काल्पनिक शिक्षकांचे छोटे प्रसंग वाचायला द्या आणि त्यांना गुण द्यायला सांगा, म्हणजे कोणाची फूटपट्टी कुठून सुरू होते ते कळतं. शिकवण्याचं काम आणि कागदाचं काम यांचे प्रश्न मात्र वेगळे ठेवा, एकत्र बेरीज नको.

आणि फॉर्म मुख्याध्यापकांच्या हातून वाटू नका. मी पहिल्यांदा तसं केलं तेव्हा 31 पैकी 31 जण अत्यंत उत्साही निघाले.