परदेशी गाणी, आपले कान: वाचकांचे प्रश्न

माझी मुलगी नववीत आहे. दिवसभर कोरियन गाणी चालू असतात. इंग्रजी अक्षरांत लिहिलेले बोल वाचून ती गाते, पण मूळ गाण्याशी ते काही केल्या जुळत नाही. अर्थही इंग्रजीतूनच शोधावा लागतो. यातून मार्ग आहे का?
– एक आई, ऐरोली

ताई, आधी ती इंग्रजी अक्षरं बाजूला ठेवायला सांगा. घोटाळा तिथेच होतो. कोरियन भाषेत एक स्वर आपल्या 'कॉलेज'मधल्या 'ऑ'च्या जवळचा आहे, फक्त ओठ गोल करायचे नाहीत. इंग्रजीत तो 'ई' आणि 'ओ' ही दोन अक्षरं जोडून लिहितात आणि मुलं सरळ 'इओ' म्हणून मोकळी होतात. दुसरा एक स्वर 'ऊ' म्हणताना ओठ हसल्यासारखे ताणले की येतो. तो 'ई' आणि 'यू' अशा अक्षरांनी लिहितात, म्हणून त्याचा 'यू' होतो.

त्यापेक्षा कोरियनची स्वतःची हंगुल लिपी शिकावी. राजा सेजोंग यांनी ती १४४६ मध्ये लोकांसमोर आणली. मूळ अक्षरं २४ : १४ व्यंजनं, १० स्वर. रोज सहा घेतली तर चार दिवसांत होतात. अक्षरं एकाशेजारी किंवा एकाखाली एक रचून एक चौकोन बनतो, तो म्हणजे एक उच्चार. जोडाक्षरं वाचणाऱ्या मुलांना हे जड जात नाही.

आपला खरा फायदा व्यंजनांत आहे. कोरियनमध्ये 'क' तीन तऱ्हांचा: एक साधा, शब्दाच्या सुरुवातीला किंचित हवा सोडत येणारा आणि दोन स्वरांमध्ये 'ग'कडे झुकणारा, दुसरा आपला सरळ 'ख', तिसरा घसा आवळून काढलेला, आपल्या कोरड्या 'क'च्या जवळचा. 'प', 'त' यांचंही तसंच. इंग्रजी बोलणाऱ्याला हा फरक महिनोन्महिने घोकावा लागतो. आपल्याला क आणि ख वेगळे आहेत हे पहिलीपासून ठाऊक असतं.

तरीही लिहिलं एक आणि ऐकू येतं भलतंच, असं होईल. कारण संधी! 'हप' आणि 'निदा' एकत्र आले की 'हम्निदा' होतं, जसं जगत् + नाथ = जगन्नाथ. 'हान्गुक' म्हणजे कोरिया; त्याला भाषावाचक 'ऑ' जोडला की 'हान्गुगॉ', जसं वाक् + ईश = वागीश. मुलीला शाळेच्या व्याकरणातलं व्यंजनसंधीचं पान उघडून द्या, निम्मं काम तिथेच होईल. पुढे स्वर नसेल तर शब्दाच्या शेवटचा 'क', 'त', 'प' सोडायचा नाही. हवा अडवून तिथेच थांबायचं. आपण 'साप' म्हणताना शेवटी हवा सोडतो, ती इथे नको.

सराव असा: एकच ध्रुवपद, चार ओळी. हंगुलमध्ये वाचून ऐकू येतं तसं स्वतःच्या हाताने देवनागरीत लिहायचं, मग यूट्यूबचा वेग ०.७५ वर ठेवून सोबत म्हणायचं. सगळं गाणं एकदम घेतलं की जीभ अडखळते आणि चुकीचा उच्चार तसाच बसतो.

अर्थासाठी मराठीच बरी. ओळीच्या शेवटी 'यो' आला की बोलणं साधारणपणे आदराचं, आपल्या 'तुम्ही'सारखं. 'सारांग्हेयो' आणि नुसतं 'सारांग्हे', दोन्हींचा अर्थ 'प्रेम करते', पण जवळीक वेगळी. इंग्रजी भाषांतरात हा फरक पुसला जातो. कर्ता तर कोरियनमध्ये कितीदा गाळलेलाच असतो, म्हणून यंत्राचं भाषांतर मनाने 'तो' किंवा 'ती' घुसडतं. 'उन्नी' म्हणजे मुलीने मोठ्या बहिणीला मारलेली हाक, आपली ताई. 'ओप्पा' म्हणजे तिचा मोठा भाऊ, पण वयाने मोठ्या प्रियकरालाही तीच हाक असते. प्रेमगीतात तिथे 'दादा' लिहिलं तर गाणं बुडालंच.

ॲपवर एक ब्राझिलियन गाणं आवडलं. तेव्हापासून ॲप त्याच दहा-बारा गाण्यांभोवती फिरतंय. नवीन कसं सापडावं?
– निवृत्त वाचक, नौपाडा, ठाणे

तुम्ही जे ऐकलंत त्याच्यासारखंच ॲप पुढे करतं, त्यामुळे हे होणारच. बाहेर पडायला रेडिओसारखं साधन नाही. 'रेडिओ गार्डन' या संकेतस्थळावर पृथ्वीचा गोल दिसतो. एखाद्या शहरावरच्या हिरव्या ठिपक्याला बोट लावलं की तिथलं केंद्र लागतं. वेळेचं भान ठेवा: ठाण्यात रात्री ९.३० वाजता ब्राझीलच्या साव पावलोत दुपारचा १ असतो, नायजेरियातल्या लागोसमध्ये संध्याकाळचे ५. कोरियातलं सोल आपल्यापुढे साडेतीन तास, म्हणजे तिथे मध्यरात्र उलटून गेलेली. १२८ केबीपीएस वेगाने आवाज पाठवणाऱ्या केंद्राला तासाला साधारण ५८ एमबी डेटा लागतो.

गाणं आवडलं की दुसऱ्या फोनवर शझाम हे गाणं ओळखणारं ॲप लावून नाव मिळवा. निवेदक मध्येच बोलत असेल किंवा गाणं मैफलीतलं असेल तर ते बहुधा ओळखलं जात नाही. नाव मिळाल्यावर गायकाच्या मागे लागू नका. गाण्याचे क्रेडिट्स उघडून संगीतकार आणि निर्माता बघा, आणि त्यांनी दुसऱ्या कोणासाठी केलेली गाणी ऐका. आपण शंकर-जयकिशन किंवा श्रीनिवास खळे यांच्या नावावर गाणी शोधतो, तसंच हे.

तबला शिकतो. स्पॅनिश गाण्यांत एकच ठेका सतत येतो, तो कोणता?
– विद्यार्थी, कोपरखैरणे

रेगेटन या नाचाच्या संगीतप्रकाराचा 'डेम बो' ठेका. जमैकात जन्मला, पनामा आणि पोर्तो रिकोमार्गे स्पॅनिश गाण्यांत रुजला. तो तुमच्या केरव्यातच बसतो. आठ मात्रा धरा : धा गे ना ति, न क धि न. खर्जातला ठोका १ आणि ५ वर, कडक ठोका ४ आणि ७ वर. म्हणजे धा, ति आणि धि यांवर वजन. ३ + ३ + २ अशी विभागणी. मेट्रोनोम (लयीची टिकटिक देणारं यंत्र) ५० वर, एका टिकेत चार मात्रा, तिथून ९० पर्यंत चढवा. चूक ठरलेली असते: तिसरं वजन सातवर न पडता आठवर घसरतं आणि झोल जातो. पाचव्या मात्रेला 'खाली' (डग्ग्याचा घुमारा नसलेली मात्रा) दाखवायची सवयही इथे सोडावी लागेल, कारण तिथे भरीव ठोका हवा.

नेरुळच्या मैदानावर परदेशी बँडचा कार्यक्रम आहे. बारा वर्षांच्या मुलाला घोडबंदरहून नेणार आहे. काय काळजी घ्यावी?
– पालक, ठाणे

डी. वाय. पाटील स्टेडियमला जायला ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची नेरुळ किंवा पनवेल लोकल पकडा. उतरायला जुईनगर आणि नेरुळ दोन्ही चालतात. वाशी लोकलमध्ये चढलात तर ती तुर्भ्यानंतर सानपाड्याकडे वळते. परतीचं तिकीट जातानाच काढा आणि शेवटच्या गाड्यांच्या वेळा त्या दिवशी बघून ठेवा. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम याच मैदानावर झाले. अशा गर्दीत मुलाच्या खिशात तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी हवीच. स्पीकरच्या समोरची जागा घेऊ नका.

कानासाठी फोमचे बोळे न्या. नुसते कानात खोचले तर फारसा उपयोग होत नाही. बोळा बोटांनी वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वरच्या बाजूने धरून वर-मागे ओढायचा, बोळा आत सारून तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट दाबून ठेवायचं. नीट बसला की मुलाला स्वतःचा आवाज घुमल्यासारखा येईल. तसा आला नाही, तर काढून पुन्हा बसवा.