नवी प्लेट घातली, तरी क्लच घसरतो

प्रश्न : माझी १५ वर्षांची डिझेल व्हॅन माल भरला की चढावर नुसती गुरगुरते, वेग काही घेत नाही. दीड वर्षापूर्वीच क्लच प्लेट बदलली. प्लेटच हलकी मिळाली असेल का?

असेलही, पण प्लेटवर खापर फोडण्याआधी दोन गोष्टी पाहा. पहिली, पेडलची मोकळी चाल, म्हणजे क्लचवर जोर येण्याआधी पेडल जेवढं रिकामं दबतं ते अंतर. तुमचा क्लच केबलचा असेल, तर प्लेट झिजत जाते तशी ही चाल कमी होत जाते. ती पार संपली की पाय वर असूनही रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) प्रेशर प्लेटला (क्लच प्लेट दाबून धरणारीला) रेटत राहतं आणि क्लच कधी पूर्ण धरतच नाही. केबल वेळच्या वेळी ॲडजस्ट केली नाही, तर चांगली प्लेटही जळते.

दुसरी, तेल. जुन्या इंजिनाचं मागचं ऑइल सील गळू लागलं की तेल थेट क्लचवर उडतं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली ओल दिसते का, बघा. तेल प्यायलेली प्लेट पुसून पुन्हा बसवू नका, आणि सील न बदलता नवी प्लेटही घालू नका. माझ्या मते दीड वर्षात प्लेट जाण्याचं कारण बहुधा इथेच सापडतं.

प्रश्न : पेडल खोल जातं, रिव्हर्स टाकताना खरखर होते. दोन-तीनदा पेडल मारलं की गिअर नीट पडतो.

हे घसरण्याच्या उलट आहे : क्लच पूर्ण सुटत नाही. पेडल मारल्यावर सुधारतं, म्हणजे हायड्रॉलिकमध्ये (पेडलचा जोर ऑइलच्या दाबाने क्लचपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेत) हवा शिरली आहे किंवा पेडलकडच्या मास्टर अथवा क्लचकडच्या स्लेव्ह सिलिंडरचं रबर गेलं आहे. नुसतं ऑइल भरत राहणं हा उपाय नव्हे, गळती शोधा. बहुतेक गाड्यांत इथे ब्रेक ऑइलच चालतं. ते हवेतली ओल शोषतं, म्हणून साधारण २ वर्षांनी बदलावं. इंजिन ऑइल चुकूनही घालू नका, सगळी रबरं फुगतील. काही व्हॅनमध्ये क्लच आणि ब्रेकची टाकी एकच असते. तसं असेल तर गळती ब्रेकलाही भोवेल, हे काम उद्यावर ढकलू नका.

प्रश्न : क्लच दाबला की घर्रर्र आवाज येतो, सोडला की थांबतो.

रिलीज बेअरिंग. आवाज उलटा, म्हणजे न्यूट्रलमध्ये पाय वर असताना येत असता, तर मी गिअरबॉक्सच्या बेअरिंगकडे बोट दाखवलं असतं. बदलताना प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा पूर्ण सेटच टाका. खरी मेहनत गिअरबॉक्स उतरवण्याची. ती दोनदा कशाला? फ्लायव्हीलवर (प्लेट ज्यावर दाबली जाते त्या इंजिनाच्या जड चाकावर) निळे डाग किंवा तडे आहेत का, तेही तेव्हाच पाहून घ्या.

प्रश्न : क्लच लवकर जाऊ नये म्हणून चालवताना काय सांभाळावं?

डावा पाय. गिअर बदलून झाला की तो पेडलवरून काढून खाली ठेवा, नुसता टेकलेलाही नको. चढावर गाडी हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, तोलून धरण्याची अनेकांना हौस असते, त्यासाठी हँडब्रेक आहे. भरलेली व्हॅन दुसऱ्या गिअरवर उचलू नका. जळका वास आलाच तर थांबून क्लच गार होऊ द्या. नवा सेट टाकल्यावर पहिले काही शे किलोमीटर जड माल आणि उभे चढ टाळता आले तर उत्तम.