इंदुरातल्या दवाखान्यात गुटखा खाणाऱ्या रुग्णाच्या गालात पांढरा चट्टा दिसला, तर केसपेपरवर काय लिहावं?

निदान लिहू नका, डोळ्यांना दिसलं आणि बोटाला लागलं तेवढंच लिहा: ‘डावा गाल आतून, खालच्या पहिल्या मोठ्या दाढेसमोर, एकच चट्टा, १२ × ८ मिमी, पांढरा, खरखरीत, कडा स्पष्ट, मऊ, दुखत नाही, गॉजने पुसून निघत नाही.’ शेवटचं टिपण विसरूच नका. पुसून निघाला तर बुरशीची शक्यता जास्त, नाही निघाला तर ल्यूकोप्लाकियाचा (पुढे कर्करोगात बदलू शकणाऱ्या पांढऱ्या चट्ट्याचा) विचार करावा लागतो. माप पेरिओडाँटल प्रोबने (हिरड्या तपासायच्या, मिमीच्या खुणा असलेल्या बारीक सळईने) घ्या. ‘वाटाण्याएवढा’ लिहिलं की पुढच्या खेपेला तो वाढला का, हे कळायला मार्गच उरत नाही. पुडी कोणत्या गालात धरतात तेही विचारा, आणि तोंड किती मिमी उघडतं ते नोंदवा. साधारणपणे दोन आठवड्यांनी पुन्हा पाहा. मात्र चट्टा कडक, लालसर किंवा जखमेचा असेल तर न थांबता तज्ज्ञांकडे पाठवा.