फुलदांड्यावरचे पिल्लू केव्हा वेगळे करावे?

प्रश्न : माझ्याकडील फॅलेनॉप्सिस ऑर्किडची फुले गळल्यावर मी फुलदांडा कापला नव्हता. आता त्याच्या एका पेरावर दोन पानांचे आणि एका बारीक मुळाचे रोपटे आले आहे. ते कापून कुंडीत लावावे का? मूळ झाडाचेही दोन भाग करता येतील का?

उत्तर : घाई करू नये. हे पिल्लू अजून दांड्यातून येणाऱ्या अन्नपाण्यावरच जगत असल्यामुळे, त्याची किमान दोन-तीन मुळे 5 ते 7 सेंटिमीटर लांब होईपर्यंत ते जागीच राहू द्यावे आणि मुळांवर अधूनमधून पाणी फवारावे. मात्र त्याआधी मूळ झाडाची कुंडी एकदा तपासा. मुळे कुजून झाड खंगले असेल, तरीही ते असे पिल्लू देते. मुळे धडधाकट असतील, तर फुलदांडा वाढत असताना मिळालेली जास्त उष्णता हे कारण संभवते.

कापताना निर्जंतुक केलेल्या पात्याने, पिल्लाच्या दोन्ही बाजूंना दांड्याचा थोडा तुकडा राखून कापावे. कोरडी मुळे वाकवताना कटकन मोडतात. म्हणून ती आधी पाण्यात भिजवावीत. चंदेरी मुळे भिजली की हिरवी दिसू लागतात आणि मग बरीच लवचिक होतात. पुढे पाणी केव्हा द्यायचे, हेही याच रंगावरून ठरवावे. ठरावीक वारी पाणी घालण्याच्या शिस्तीने ऑर्किडचे नुकसानच अधिक होते. कुंडी लहान असावी, तिच्यात माती मुळीच नसावी. झाडाच्या सालीचे बारीक तुकडे आणि थोडे स्फॅग्नम मॉस (ओलावा धरून ठेवणारे शेवाळ) पुरेसे होते. पानांच्या बेचक्यात पाणी साचू देऊ नये, कारण तिथून शेंडा कुजतो.

शेंड्याचे महत्त्व लक्षात घेतले, की तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर मिळते. डेंड्रोबियम किंवा कॅटलिया या ऑर्किडांना आडव्या खोडावर नवनवे कोंब येत असल्याने त्यांचे भाग पाडता येतात. फॅलेनॉप्सिस मात्र एकाच शेंड्याने वर वाढते, त्यामुळे ते मधोमध चिरल्यास बहुधा हातचे झाडही जाते. बियांचा मार्ग घरगुती नाही. धुळीसारख्या बारीक बियांत अन्नसाठा जवळजवळ नसतो, त्यामुळे निसर्गात त्यांना बुरशीची आणि प्रयोगशाळेत साखरयुक्त, निर्जंतुक माध्यमाची गरज भासते. शिवाय संकरित झाडाच्या बियांपासून तशीच फुले येतील, याची खात्री नसते; पिल्लाला मात्र मूळ झाडासारखीच फुले येतात, फक्त त्यासाठी दोन-तीन वर्षे थांबण्याची तयारी ठेवावी.