पडल्या पडल्या झोप लागते, मग झोपेचा आजार कसला?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, आम्ही देवगडकडचे. मुलगा २१ वर्षांचा. रात्री आडवा झाला की मी लाईट बंद करून दारापर्यंत येते तोवर हा झोपलेला. दिवसा पेट्या भरताना हातात आंबा तसाच धरून डुलकी काढतो, ह्याचे बाबा म्हणतात आळशी आहे. रात्री मात्र चार-पाचदा उठतो, कधी म्हणतो छातीवर कोणीतरी बसलंय, ओरडायला येत नाही. शेजारच्या काकी म्हणतात देवळात गाऱ्हाणं घाला. डॉक्टरांना नार्कोलेप्सीचा संशय आहे. पण इतकी पटकन झोप लागणाऱ्याला झोपेचा आजार कसा असेल?

उत्तर: ताई, गाऱ्हाणं खुशाल घाला, फक्त त्यापायी तपासणी लांबवू नका.

पटकन झोप लागली म्हणजे झोप चांगली असं आपण धरूनच चालतो ना, तिथेच फसतो. एरवी माणसाला झोप लागायला १०-२० मिनिटं जातात. नार्कोलेप्सीत बरेचदा ८ मिनिटंही लागत नाहीत, कधी दोन-तीनमध्येच काम झालं. आणि खरी गोम पुढेच आहे, आपल्याला स्वप्नांची झोप, म्हणजे रेम, साधारण दीड तासाने येते आणि ह्यांना १५ मिनिटांच्या आतच येऊ शकते. रेममध्ये अंग लुळं पडतं (नाहीतर स्वप्नात पळणारा माणूस खाटेवरून खाली येईल!), आता मन अर्धं जागं असतानाच ती आली की डोळे उघडे, हात हलत नाही आणि छातीवर कोणीतरी बसल्यासारखं वाटतं. काकींच्या मनातला देवचार, म्हणजे भूत, तो हाच असावा.

मेंदूत ऑरेक्सिन नावाचं रसायन असतं, १९९८ साली सापडलं, ते आपल्याला जागं धरून ठेवतं. ह्या आजाराच्या पहिल्या प्रकारात ते बनवणाऱ्या पेशीच बहुतेक संपलेल्या असतात. मग नांगर नसलेल्या होडीसारखं होतं, दिवसा जाग टिकत नाही आणि रात्री झोप टिकत नाही, म्हणून तो चार-पाचदा उठतो.

आता एक सांगतो, आंब्याच्या सीझनमध्ये रात्री बारा-बारापर्यंत पेट्या भरणारा कोणीही दोन मिनिटांत झोपेल, तो आजार नव्हे, ती थकावट. त्यामुळे झोपेची टेस्ट सीझन संपल्यावर करा, आधी दोन आठवडे नीट झोपू दे, झोपेची वेळ वहीत लिहा, आणि चालू गोळ्या डॉक्टरांना सांगा, डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी रेम दबते. टेस्टमध्ये एक रात्र तिथेच झोपवतात, दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी २० मिनिटं असे चार-पाच वेळा आडवं करतात. झोप लागायला सरासरी ८ मिनिटं किंवा कमी लागली आणि दोनदा लवकर रेम दिसली की नार्कोलेप्सीकडे बोट जातं.

एक विचारायचं राहिलं, जोरात हसला की त्याचे गुडघे लटपटतात का, हातातला कप सुटतो का? असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्याने निदान बरंच सोपं होतं. जागं राहायला गोळ्या आहेत, त्या डॉक्टर ठरवतील. तोवर स्कूटर देऊ नका, होडीवर पाठवू नका, आणि दुपारी जेवल्यावर ठरवून २० मिनिटं झोपू द्या, ओट्यावर का असेना.